निरोपाची टोपी

आज सकाळी गच्चीवर कपडे वाळत घालताना समुद्रात दोन राखाडी युद्धनौका दिसल्या. एक आपली, एक पाहुण्यांची. गेले काही दिवस दोन्ही देशांचा सराव चालला होता. तोफांचे आवाज आमच्या टेकडीपर्यंत येत. आज तो संपला असावा, कारण दोघी एकमेकींच्या अगदी जवळून उलट दिशांना निघाल्या होत्या, आणि दोघींच्याही कठड्याला पांढऱ्या ठिपक्यांची रांग होती.

ते ठिपके म्हणजे खलाशी. आमचे हे नौदलात होते, त्यांनीच सांगितलं होतं. सराव संपला की सगळे कठड्याशी उभे राहतात आणि समोरच्या जहाजाकडे बघत टोप्या हवेत फिरवतात.

"ओळख असते का हो कुणाची?" मी विचारलं होतं.

"ओळख कशाला लागते? पुन्हा भेट होणार नसते, म्हणून तर एवढं करायचं."

परक्यांना इतका देखणा निरोप देणारा हा माणूस स्वतः मात्र अर्धा चहा तसाच ठेवून, बसल्या खुर्चीत गेला. मी आत पोळ्या लाटत होते.

खाली जाऊन कपाटातली त्यांची टोपी आणली. जहाजं तोवर बरीच लांब गेली होती. तरी गच्चीच्या कठड्याशी उभी राहिले आणि टोपी फिरवली, गोल, त्यांनी दाखवली होती तशी. हळूहळू समुद्र रिकामा झाला. हात मात्र खाली घेववेना. समोरून उत्तर येईपर्यंत तो वर ठेवायचा असतो का, तेवढं विचारायचं राहून गेलं होतं.