तिजोरीखालची कोरी फरशी

१४ नोव्हेंबर, शुक्रवार, सकाळी ११ वाजून ४० मिनिटं. लातूरच्या एका दुकानाचा फिटर नांदेडला माझ्या घरी आला आणि तिजोरी जमिनीत बोल्टने पक्की करून गेला... म्हणजे तसं कागदावर लिहून गेला.

तिजोरी मी स्वतःसाठी घेतलीच नव्हती. माझ्याकडे अकरा वर्षं पोळ्या करणारी जुलेखा पत्र्याच्या घरात राहते. तिच्या लेकीचे निकाहचे दागिने माझ्या साड्यांखाली ठेवलेले... दुसऱ्याचं सोनं, मला घोर लागून राहिलेला.

फिटर उशिरा आला. तोवर जाऊबाईंनी मुहूर्त गाठून पूजा उरकली होती. त्याने ड्रिल काढल्याबरोबर त्या कडाडल्या, "लक्ष्मी बसवलीय, आता तिला भोकं पाडता का?" मी त्यांना चहाच्या निमित्ताने स्वयंपाकघरात नेलं. परत आले तर याचं काम संपलेलं!

"एवढ्यात झालं?" मी विचारलं.

"झालं की म्याडम. अन् ऐंशी किलोचा माल हाय, कोण उचलून न्यायलंय?"

आत तळाला बोल्ट झाकणाऱ्या चार काळ्या टोप्या नीट बसवलेल्या. एकही उचकटून पाहिली नाही मी. वर हळदीकुंकू वाहिलं आणि 'बोल्ट बसवले' असं लिहिलेल्या फॉर्मवर सही केली... सिस्टर लोकांच्या शाळेत शिकलेली बाई, न तपासता सही!

संक्रांतीला दोन दिवस बहिणीकडे रेणापूरला गेले. परतले तर कडी-कोयंडा उचकटलेला आणि तिजोरी अख्खीच्या अख्खी गायब, आतल्या दागिन्यांसकट. तिच्या जागी धुळीची चौकट... आणि चौकटीत कोरी फरशी. एक भोक नाही, एक ओरखडा नाही.

दुकानमालक फोनवर म्हणाले, "आम्ही बोल्ट बसवले होते, मॅडम. नंतर घरातल्याच कुणीतरी तिजोरी उघडून आतून काढले असतील."

पोलीस ठाण्यातल्या जमादारांनी तेच उचललं. "फॉर्मवर तुमची सही हाय, बाई. किल्ली कुठं असते, कुणाला ठाऊक होतं?"

मी खरं ते सांगितलं. मला आणि जुलेखाला.

तेव्हापासून तिला तीनदा ठाण्यात बोलावलंय. सकाळी जाते, दुपारपर्यंत बाकावर बसून राहते. मी ओरडून सांगितलं, फरशीला भोक नाही तर बोल्ट काय हवेत मारले होते? तर जमादार म्हणे, "दुकानदाराकडून तसं लेखी आणा."

बाकीच्या दोन घरांनी तिचं काम बंद केलंय. काल कणीक मळता मळता ती म्हणाली, "मॅडम, मैं अपनीच बेटी का सोना काहेको चुराऊंगी?" ईदनंतर निकाह आहे... मला तिच्याकडे बघवेना.

तर दुकानमालक, ही पोस्ट तुमच्यासाठी. माझी चूक मी इथे चारचौघांत लिहिली, आता तुमची तुम्ही लिहा. मला भरपाई नको, नवी तिजोरी तर नकोच नको. 'आमच्या माणसाने बोल्ट बसवले नव्हते'... एवढं एकच वाक्य, सही-शिक्क्यासह, ३१ जानेवारी, शनिवारी संध्याकाळी पाचच्या आत ठाण्यात पोचलं पाहिजे आणि त्याची प्रत जुलेखाच्या हातात.

फोन करू नका. लेखी द्या.