कमलची हॉकी स्टिक कणगीत आहे, हे मामंजींना सांगितलं कोणी?

कमल आज गेली, आणि जाताना आळ माझ्याच डोक्यावर ठेवून गेली.

चुगली म्हणे मी केली. पन्नास वर्षं तेच धरून बसली.

नमस्कार-चमत्कार मागनं. ग्रुपवरच्या सगळ्यांनी आधी हे वाचा.

कमल माझी धाकटी जाऊ. बहात्तरच्या दुष्काळात लग्न होऊन आली. जेव्हा बघावं तेव्हा बाईच्या नडग्या काळ्यानिळ्या. मला वाटलं, दीर मारतो.

एक दिवस धरलाच त्याला.

"दत्ताभाऊजी, हात उचलता का व्हय तिच्यावर?"

दोघं फिदीफिदी हसायला लागले. कमलनं धान्याच्या कणगीत हात घालून काठी काढली. हॉकी स्टिक!

"अक्का, आमच्या पोरी बॉल कमी आन् पाय जास्त हानतात."

माहेर नगरचं. शाळेपासून खेळायची. भाऊजी घरात 'माहेरी सोडतो' सांगायचे आणि सायकलवर डबलसीट नगरच्या मिलिटरी कँपाच्या मैदानावर न्यायचे. स्टिक कणगीत. दुष्काळानं कणगीत दाणा नव्हता, तिच्यात कोण कशाला बघतंय?

ठाऊक फक्त आम्हा तिघांना.

मी तोंडाची फाटकी, कबूल. "पाय उघडे टाकून पळती, लाज हाय का?" असं मी तिला म्हणायचे. पण तिच्या तोंडावर.

मग त्र्याहत्तर साली कळलं, परदेशात बायकांचा पण हॉकीचा वर्ल्ड कप व्हायचाय. पहिलाच. तिच्या खेळाच्या बाईंनी तिचं नाव सिलेक्शनला दिलं. आधी महिनाभर कॅम्प, जमलं तर विमान.

त्या संध्याकाळी भाऊजी गोठ्यात माझ्यापाशी आले.

"वैनी, गेली तर माघारी येईल का वो ती?"

"न यायला काय झालं? विमान तिकडंच ऱ्हातंय का?"

हसले नाहीत.

पुढं थोड्याच दिवसांत सासरे उठले ते सरळ कणगीपाशी. कोणाला विचारलं नाही, कुठं शोधलं नाही. स्टिक काढली आणि न्हाणीच्या चुलीत घातली.

हेच मामंजी पुरुषांच्या वर्ल्ड कपला रेडिओला चिकटलेले असायचे. फायनलला आपले दोन गोलनं पुढं असून हरले, तर म्हातारा जेवला नव्हता!

कमल माझ्याकडं वळली. "अक्का, झालं समाधान?"

भाऊजी दारातच उभे होते. बोलले का काही? न्हाई.

कॅम्पला ती गेली नाही. आपल्या पोरी तिकडं चौथ्या आल्या. मी तिला सांगायला गेले, तर ताटावरनं उठली.

मला तर संशय आहे, तिलाही सगळं कळलं होतं. पण जावेशी अबोला धरून बाईचा संसार होतो. नवऱ्यावर आळ घेतला असता तर नांदली असती कुठं?

परवा दवाखान्यात गेले, तर भिंतीकडं तोंड केलं तिनं. भाऊजी शेजारी स्टुलावर, मोबाईलमध्ये मान घालून.

कमल, तू लई जोरात पळायचीस म्हणतात. मला कधी बघायला मिळालं नाही. जा बाई आता, सुखानं जा.

'भावपूर्ण श्रद्धांजली' मी आज लिहिणार नाही. आधी खरं बाहेर येऊ दे.

खाली कोणी हात जोडल्याची चित्रं टाकू नका. पोरांनो, सुनांनो, मधे पडायचं नाही.

दत्ताभाऊजी, तुम्ही ऑनलाईन आहात, मला दिसतंय. उत्तर तुम्हीच द्यायचं. इथंच, सगळ्यांदेखत.