पॉजमध्ये बोलायचं नसतं

हे सांगायचं मी आठ वर्षं टाळलं. कुणी विचारलंच तर यंत्रात बिघाड होता, एवढंच सांगत आलो. यंत्रात काही बिघाड नव्हता.

माझा मित्र काळाचौकीला आमच्याच चाळीत राहायचा. जन्मापासून आंधळा. बँकेत टेलिफोन ऑपरेटर होता, तिथूनच निवृत्त झाला. त्याला नाटकाचं वेड. बायको शेजारी बसून कानात सांगायची, आता तो उठला, आता तिने दार लावलं. पुढच्या रांगेतले लोक वळून बघायचे. ती गेली आणि त्याचं नाटक सुटलं. मग त्याने अर्ज करायला सुरुवात केली. आंधळ्या प्रेक्षकाला हेडफोन द्या, आणि संवाद थांबतात तेव्हा रंगमंचावर काय चाललंय ते कुणीतरी सांगा. ऑडिओ डिस्क्रिप्शन म्हणतात त्याला. हा शब्द मी त्याच्याकडूनच पहिल्यांदा ऐकला.

बऱ्याच अर्जांनंतर परळच्या एका नाट्यगृहाने एक प्रयोग करून बघायचं कबूल केलं. जमलं तर दर महिन्याला एक. वर्णन करायला त्याने मला सुचवलं, कारण कामगार नाटकांत मी तीस वर्षं प्रॉम्प्टर होतो.

"तीस वर्षं विंगेत कुजबुजलो, आता तुझ्या कानात. त्यात काय?" मी म्हणालो.

"तुझ्या कुजबुजण्याने नट कुठे सुधारले रे?" तो हसला. "पण बोल. नुसता बसू नकोस."

त्या दुपारी त्याच्यासकट अकरा आंधळे प्रेक्षक आले. मी मागे काचेच्या खोलीत माईक घेऊन बसलो. प्रॉम्प्टरच्या अंगात एक गोष्ट मुरलेली असते. नट अडला की शब्द द्यायचा, पण तो पॉज घेत असेल तर मेलं तरी तोंड उघडायचं नाही. तरुणपणी पॉजमध्ये शब्द दिला म्हणून एका नटाने मला विंगेतच थोबाडीत मारली होती. वर्णनाचं नेमकं उलटं असतं, जे सांगायचं ते शांततेतच. हे मला समजावलं होतं. मी मान डोलावली होती.

नट बोलत असताना मी त्यांची वाक्यं अर्धा क्षण आधी पुटपुटत राहिलो. रंगमंच शांत झाला की मीही शांत. शेवटच्या प्रवेशात म्हातारी एक शब्द न बोलता गेलेल्या नवऱ्याचे कपडे घडी करून पेटीत ठेवते. शेवटचा सदरा तेवढा ठेवत नाही, स्वतःच्या अंगात घालते. पडदा. नाट्यगृहात लोक डोळे पुसत होते. अकरा जण हेडफोन लावून वाट बघत बसले होते.

बाहेर आल्यावर त्याने विचारलं, "शेवटी काय झालं? तू गप्प का झालास?"

"यंत्र बंद पडलं असेल."

"तुझा श्वास ऐकू येत होता," तो म्हणाला.

व्यवस्थापकांनी माझ्याकडे लेखी अभिप्राय मागितला. मी लिहिलं की अंध प्रेक्षकांना संवाद पुरतात, वर्णनाचा विशेष उपयोग होत नाही. खाली सही केली. पुढचे प्रयोग झाले नाहीत. नंतर तो दादरच्या, गिरगावच्या नाट्यगृहांत गेला, तर तिथेही माझा कागद पोचलेला. तुमच्याच माणसाने लिहून दिलंय, असं त्याला सांगण्यात आलं. त्याने मला काही विचारलं नाही. संध्याकाळचा चहा आम्ही पूर्वीसारखाच एकत्र घेत राहिलो. तो अर्ज करत राहिला.

गेल्या वर्षी तो परळला इस्पितळात होता. मी गेलो तेव्हा म्हणाला, "खिडकीतून काय दिसतंय ते सांग."

मी सांगितलं. अर्धवट टॉवर, त्यावरची क्रेन, पाण्याची टाकी, टाकीवर दोन कावळे. मग थांबलो. तो वाट बघत होता.

"अजून?"

"अजून काही नाही."

त्याच आठवड्यात तो गेला. अभिप्राय खोटा होता, गप्प मी राहिलो, मला माफ कर. एवढंच मी त्या दिवशी इस्पितळात जाताना घरून पाठ करून नेलं होतं.