अण्णांचा दगड

हिमनदी मी आजतागायत पाहिलेली नाही. तरी साठच्या दशकाच्या सुरुवातीला बंगळूरमधल्या एका सरकारी कचेरीत पंख्याखाली बसून, हिमनदी किती मागे हटली हे मी ठरवत असे. आमची तुकडी दर उन्हाळ्यात हिमालयात जाई आणि तिच्या वह्या तपासायला माझ्या टेबलावर येत. मी पुण्याहून नुकताच आलेलो, गणितात पहिला वर्ग, आणि डोक्यात हवा गच्च भरलेली.

वह्या लिहीत ते चामराजपेटेतले एक वयस्क सर्वेअर. सगळे त्यांना अण्णा म्हणत. त्यांचं घराणं पिढ्यान्‌पिढ्या इथलं, मराठी पार कानडीत मुरलेलं. त्यांच्या बोलण्याची नक्कल करून मी कॅन्टीन हसवत असे. अण्णाही हसत. ते हसत म्हणून मला जास्तच चेव येई.

त्यांचं काम मला सोपं वाटे. बर्फ संपतो तिथं समोरच्या मोठ्या दगडावर लाल रंगाची खूण करायची आणि दर वर्षी त्या खुणेपासून बर्फापर्यंत टेप धरायचा. हातमोजे घालून पोलादी टेप नीट धरता येत नाही, म्हणून अण्णा ते काढून ठेवत. त्यात थंडीने त्यांच्या उजव्या हाताच्या दोन बोटांची पेरं गेली होती.

त्या वर्षी त्यांच्या वहीत बर्फ आदल्या सालाच्या तिप्पट मागे गेलेला निघाला. कचेरीचा शिरस्ता असा, की आकडा फारच वेगळा आला तर तपासनिसाने त्यावर लाल रेघ मारायची आणि आदल्या सालचाच आकडा पुढे चालवायचा. बर्फ चुकत नाही, माणूस चुकतो, असं आम्ही धरून चाललो होतो. मी रेघ मारली आणि शेरा लिहिला : चुकीच्या दगडापासून मोजले.

अण्णा माझ्या टेबलाशी आले. "सार, स्वल्प बघा की. दगड तोच आहे. खूण माझ्या हातची. बर्फच पळालाय."

सगळी खोली ऐकत होती. मला मोह आवरला नाही. "बोटं गेली ती गेली, अण्णा. आता डोळेही तिथंच ठेवून आलात की काय?"

खोली हसली. अण्णा या खेपेला हसले नाहीत. त्यांनी उजवा हात खिशात घातला.

माझ्या शेऱ्यावरून साहेबांनी त्यांना तुकडीतून काढलं आणि तळमजल्यावर भांडारात तंबू आणि दोर सांभाळायला बसवलं. अर्धं आयुष्य डोंगर चढलेला माणूस. जाताना एवढंच म्हणाले, "पुढच्या साली जो जाईल त्याला माझा दगड बघायला सांगा, सार. खरंखोटं कळेल."

पुढच्या साली दुसरा सर्वेअर गेला. त्याने फोटो आणला. दगड तोच, खूण तीच. आणि वहीत अण्णांनी लिहिलं होतं बरोबर त्याच अंतरावर, त्यांनीच बर्फाच्या कडेची खूण म्हणून रचून ठेवलेला दगडांचा छोटा ढीग, त्यावर आदलं साल रंगवलेलं. बर्फ त्याच्याही मागे गेला होता.

लाल रेघ खोडायची तर मी चुकलो हे लिहावं लागलं असतं, आणि माझ्या बढतीचा कागद साहेबांकडे होता. मी दोन्ही सालांची घट एकाच सालात दाखवली. या खेपेला रेघ मारली नाही. हिमनदीची एका वर्षातली एवढी मोठी माघार आपल्या कचेरीने टिपली, म्हणून साहेब खूश झाले. मीही झालो, खोटं कशाला बोलू?

आठवड्याभराने भांडारात सही करायला गेलो. अण्णा स्टुलावरून उठले. "सार, माझा दगड बघितला काय कुणी?"

फोटो माझ्या वरच्या खिशातच होता. "शोधला," मी म्हणालो, "सापडला नाही."

त्यांनी आपल्या उजव्या हाताकडे पाहिलं. "सरी, ठीक," म्हणाले, "मग माझंच चुकलं असेल. साहेबांना सांगा, अण्णा चुकलो म्हणतात."

मी वर गेलो आणि साहेबांना तसं सांगितलं.