गॅसच्या गोळ्या

बाबांचं हृदय अशक्त झालंय, हे मी घरात कोणालाच सांगितलं नव्हतं. गॅसच्या म्हणून मी त्यांना हृदयाच्या गोळ्या द्यायचे. भिवापूरला ते पडले, खुबा मोडला, म्हणून शहरात, धंतोलीतल्या दवाखान्यात आणलं. भूल देणाऱ्या डॉक्टरीणबाईंना बाहेर गाठून मी खरं सांगितलं. त्या म्हणाल्या, "पूर्ण भूल या हृदयाला झेपायची नाही. पाठीत नळी घालून थोडं थोडं औषध देऊ. त्यानंही बीपी उतरतं, पण हळूहळू. सांभाळता येतं."

म्हणजे बाबा आत जागे राहणार. मी इतकी शहाणी, पण हे माझ्या डोक्यातच आलं नाही.

ऑपरेशन नीट झालं. वॉर्डात आई पाणी आणायला गेल्यावर बाबा म्हणाले, "आत समदे माझ्या हृदयाचंच बोलून राहिले होते. काहून लपवलं वं?"

मला रडू फुटलं. तेवढ्यात आई आली. माझ्या हातातली गोळी पाहून तिनं विचारलं, "हे कशाची?"

"गॅसची," बाबा म्हणाले आणि त्यांनी ती गिळली.

दिवाळीआधी ते झोपेतच गेले. आई आजही येणाऱ्याजाणाऱ्याला सांगते, "त्यायले गॅसशिवाय काहीच नव्हतं." ते खोटं सांभाळायला आता मी एकटीच उरले आहे.