न चमकलेली रेघ

डॉ. वंदना सरकटे काळा डबा उघडण्याआधी समोरच्या बाईला हमखास सांगायच्या, "चमकलं तरी घाबरू नको, नाही चमकलं तरी नाचू नको." वाशीम जिल्ह्यातल्या मानोरा गावी आमच्या दवाखान्यात त्या संशोधनासाठी आल्या, तेव्हा मी तिथे लॅब टेक्निशियन होतो. या बाईंचा स्वतःच्याच तपासणीवर भरवसा नाही, असं मला तेव्हा वाटलं होतं.

तपासणी त्यांनीच पुण्यात कित्येक वर्षं खपून तयार केली होती. कागदी पट्टीवर त्यांनी डोळ्यांना न दिसणारे अतिसूक्ष्म कण बसवले होते. अंडाशयाच्या कॅन्सरमध्ये रक्तात एक प्रथिन वाढतं. ते असलं, की हे कण त्याला धरून एका रेघेवर जमत आणि काळ्या डब्यातल्या जांभळ्या दिव्याखाली ती रेघ केशरी चमके. मोठ्या यंत्राशिवाय, तालुक्याच्या गावात हे व्हावं, असा त्यांचा ध्यास होता.

मॅडम मूळच्या त्याच जिल्ह्यातल्या किन्हीराजा गावच्या. पुण्यात राहूनही बोली सुटली नव्हती. मीटिंगमध्येही तशाच बोलायच्या. तपासणीला आलेल्या बाईलाच त्या डब्यात डोकवायला लावायच्या. "तुह्यं रगत हाय, तूच पाह्य." बाया आधी लाजत, मग डोळा लावून बसत.

एकदा जवळच्या तांड्यावरून जमनाबाई आली. पोट फुगतं, जेवण जात नाही, अशी तक्रार. रेघ चमकली नाही. मॅडमनी तिचं पोट तपासलं आणि म्हणाल्या, "वाशीमले जाऊन सोनोग्राफी कर."

"रेघ तं नाही ना चमकली? उद्या आमी ऊसतोडीले चाल्लो," म्हणत ती निघून गेली.

दुसऱ्या दिवशी सकाळीच मॅडमनी जीप ठरवली आणि मलाही सोबत घेतलं. तांड्यावर ट्रक भरून उभा होता. जमनाबाईचा नवरा वैतागला. "तुमचंच मशीन म्हन्ते, काही नाही. मंग काहून अडवता?"

ट्रकभोवती सगळा तांडा जमला होता. यातल्याच बाया पुढे तपासणीला यायच्या होत्या. मॅडम सगळ्यांना ऐकू जाईल अशा म्हणाल्या, "मशीन चुकू शकते. म्या बनवलं, म्हनून मले माहीत हाय."

नवऱ्याने ट्रकवरून तिचं बोचकं खाली ओढलं. सोनोग्राफीत अंडाशयावर गाठ दिसली. अकोल्याला ऑपरेशन झालं. गाठ कॅन्सरची होती, पण पसरलेली नव्हती.

पुढे प्रकल्पाचे प्रमुख पुण्याहून आले. अहवाल चाळून म्हणाले, "हे सँपल खराब झालं असणार. वगळून टाका."

मॅडम म्हणाल्या, "खराब काहून म्हनता, सर? रगत म्याच काढलं होतं. सँपल चांगलं होतं."

मॅडमनी ते वगळलं नाही. उलट सुरुवातीच्या अवस्थेतल्या आणखी रुग्णांचं रक्त मागवून तपासलं. त्यांतल्या बऱ्याच जणींची रेघ चमकलीच नाही. गाठ लहान असताना ते प्रथिन पुरेसं वाढतंच असं नाही, आणि तपासणी हवी होती ती तेव्हाच. काम थांबवण्यात आलं.

वाईट वाटतं का, असं मी त्यांना विचारलं. पट्ट्या खोक्यात भरत त्या म्हणाल्या, "वाटून राह्यलं ना. पन ते बाई ट्रकमंधी बसून गेली असती, तं मले झोप नसती लागली." मग मला चिकटपट्टी मागितली.

त्या निघाल्या त्या दिवशी जमनाबाई आली. केमोत गेलेले केस डोक्यावर नुकते उगवू लागले होते.

"माह्यामुळं तुमचं मशीन बंद पडलं म्हन्तात?"

"तुह्यामुळं नाही. त्याले दिसलं नाही, म्हनून बंद केलं. आता एकाच्या जागी दोन-तीन प्रथिनं धरन, असं करून पाहीन."

"मंग ते झालं का पयले माह्यं रगत घ्या."

"तुह्यं घेऊन काय करू? गाठ तं काढली."

जमनाबाई दोन पावलं पुढे आली. "माह्या पोरीचं घ्या मंग."

मॅडमनी होकाराची मान हलवली. बाहेर जीपवाला हॉर्न देत होता. त्यांनी जमनाबाईचा हात हातात घेतला होता, तो त्यांना सोडवत नव्हता.