बंद पाळणाघराची फी

धुळ्याच्या एका जिनमध्ये मी हजेरी मांडायचो. दुसऱ्या महायुद्धाच्या आधीची गोष्ट. कापसातून सरकी काढणारी यंत्रं दिवसभर धडधडायची आणि घरी अंघोळ केली तरी कानात रुई सापडायची. किस्सेही तसेच चिकटले, काढायला बसलो की संपत नाहीत! त्यातले अक्काचे सांगतो. ते सांगताना माझा आवाज अजून आपोआप खाली येतो.

अक्का म्हणजे जिनमागच्या पत्र्याच्या शेडमध्ये कामकरी बायकांची अकरा पोरं सांभाळणारी म्हातारी. वाशाला लुगड्यांच्या झोळ्या, खाली गोधड्या, झालं पाळणाघर! फी महिन्याला आठ आणे, तीही पहिल्या तारखेला, आगाऊ.

एका नव्या बाईनं विचारलं, "अक्का, आधी कसाले?"

अक्का म्हणाली, "पोरगं आधी दूध पेस, मंग झोपस!"

*

एकदा रुईच्या ढिगाला आग लागली. माणसं वाचली, पण जिन चार दिवस बंद, मजुरी बंद, पाळणाघरही बंद. पुढच्या पहिल्या तारखेला बायका ओळीनं अक्काच्या हातावर पुरे आठ आणे ठेवत होत्या. मॅनेजरसाहेब बघत उभे होते. त्यांना राहवेना.

"अगं बायांनो, मागचे चार दिवस बंद होतं ना? तेवढे कापून द्या की!"

द्वारका नावाची एक बाई होती, कोणाला न घाबरणारी. ती म्हणाली, "साहेब, जिन बंद व्हती. अक्कानं पोट चालूच व्हतं ना!"

साहेब केबिनमध्ये गेले ते चहा येईपर्यंत बाहेर आले नाहीत.

*

साहेबांना हसायचा मला अधिकार नव्हता. बायको आजारी, म्हणून माझी शालूही तेव्हा अक्काच्या झोळीत असायची. आणि मी पडलो मॅट्रिक, गणित पक्कं! चार दिवसांचे चार पैसे, म्हणजे एक आणा, वजा करून मी सात आणेच दिले होते. अक्कानं न मोजता कमरेला लावले.

संध्याकाळी द्वारकानं माझ्या टेबलावर एक आणा ठेवला. "भाऊ, तुमना कमी पडना म्हणे. आम्ही बठ्ठ्याजणी मिळीसन भरी दिसूत."

ज्यांना चार दिवस मजुरी नव्हती, त्या बायका माझी फी भरायला निघाल्या होत्या! तिचा आणा तिला परत देऊन मी माझा आणा घेऊन अक्काकडे अक्षरशः पळत गेलो.

*

पुढच्या हंगामात अक्काचा पाय मोडला, तोही नेमका पहिल्या तारखेच्या आदल्या दिवशी. बायका फी घेऊन घरी गेल्या, तर ती खाटेवरून म्हणाली, "मी पैसा लेस नही. पोरेसले हात लाया नही, ते पैसा कसाना?"

दुसऱ्या दिवशी भोंग्याच्या आधी अकरा आया अकरा पोरं घेऊन अक्काच्या दारात! एकेकीनं पोर तिच्या मांडीवर ठेवलं, उचललं आणि उशाशी आठ आणे ठेवले.

"अक्का, लागना ना हात? ले आते!"

अकरावं पोर नेमकं गोधडीवर मुतलं. अक्का म्हणाली, "यानी फी ते मी मांगीसन लेसु!"

*

आणि हा एक.

महिन्याची नऊ तारीख होती. सकाळी निरोप आला, अक्का झोपेतच गेली. शेडला कुलूप लागलं. फी सगळ्यांची भरलेली होती, पण ती परत मागायचा विषय एकीनंही काढला नाही.

चौथ्या दिवशी भोंग्याच्या आधी गेटवर आबा उभे. आबा म्हणजे अक्काचे नवरे, हमाली करून पाठ वाकलेले. त्यांच्या हातात कधी कोणी पोर पाहिलं नव्हतं.

मॅनेजरसाहेब म्हणाले, "आबा, तुम्ही कशाला आलात?"

"तिनं महिनानी फी लियेल शे. महिना पुरा कराना शे."

दोन दिवस शेडमधून नुसता पोरांचा आक्रोश ऐकू येत होता. तिसऱ्या दिवशी शांत झालं म्हणून मी घाबरून डोकावलो. आबा दोन्ही हातांत दोन झोळ्यांच्या दोऱ्या धरून बसले होते आणि एक पोर त्यांच्या पायांवर झोपलं होतं. नळावर जाऊन मी उगाचच तोंड धुतलं.

महिना संपला. आबांनी झोळ्या सोडल्या, लुगड्यांच्या घड्या करून जिच्या तिला दिल्या. मग फडक्याची गाठ सोडून प्रत्येकीच्या हातावर तीन तीन पैसे ठेवले.

"तीन दिन बंद व्हतं."

"राहू द्या" कोणीच म्हणालं नाही. द्वारकानं ते पैसे कपाळाला लावले आणि पदराला बांधले. मग कमरेची पिशवी काढून नव्या महिन्याचे आठ आणे आबांच्या हातावर ठेवले आणि आपल्या धाकट्या पोरीला त्यांच्या मांडीवर बसवलं.

"आबा, इले गूळ नका देज्यात. खोकस ती."